नावांचे नऊ अध्याय

११ जानेवारी

ताईस सप्रेम सलाम,

तुझं पार्सल मिळालं. स्वेटर बसतो. बाह्या थोड्या लांब आहेत, पण थंडीत हात आत ओढून घेता येतात, त्यामुळे तक्रार नाही. बिस्किटांचा मात्र पोस्टाने भुगा केला होता. चहात घालून चमच्याने खाल्ला.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा पत्रच बरं.

माझं ठीक चाललं आहे. सकाळी निघतो, संध्याकाळी येतो. सध्या बाजारातल्या एका जुन्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीला काढली आहे. घरी आलो की रेडिओ लावत नाही, एवढाच फरक. तू पुन्हा यायचं विचारलं आहेस. नको. राग मानू नकोस. नोव्हेंबरात हिला माती दिल्यावर तुला दुसऱ्याच दिवशी गाडीत बसवून दिलं, ते मला बरं वाटलं नव्हतं. पण कोणी समोर बसून माझ्याकडे बघायला लागलं की मला घास गिळवत नाही. एकटा असलो की जेवतो.

लिहायचं कारण वेगळं आहे. चर्चचे नवे पाळक आले होते. आपल्या मंडळीत दर मार्चमध्ये पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचतात, ते तुला माहीत आहे. ज्याने त्याने आपापला भाग वाटून घ्यायचा आणि एक शब्दही गाळायचा नाही. जुन्या करारातल्या त्या नावांच्या अध्यायांना कोणी हात लावत नसे. नऊ अध्याय नुसती नावं, अमक्याचा मुलगा तमका. ते दर वर्षी ही वाचायची. पाळक म्हणाले, "आता तुम्ही वाचा, नाहीतर यंदा तेवढे आपण गाळू. तसंही त्या वेळी लोक चहाला बाहेर जातात." माणूस चांगला आहे, खोचकपणे नाही बोलला.

मी विचार करून सांगतो म्हटलं. नाही म्हणणार आहे. चार माणसांत दोन वाक्यं बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटते, नऊ अध्याय कुठून वाचू? पण मी नाही म्हटलं तर तिचा भाग कायमचाच जाईल, असं वाटतं. तू काय म्हणतेस?

तुझा धाकटा


१९ जानेवारी

धाकट्या,

बाह्या लांब नाहीत, तू आखडला आहेस. कॉलर बसते ना? मग माप बरोबर आहे.

सरळ नाही म्हणून सांग. यात विचार कसला करायचा? मी आयुष्य प्रसूतिगृहात काढलं. तुझ्या त्या नऊ अध्यायांत काय आहे? अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. इतकी वर्षं मी बाळंतपणं केली, एकाही बाप्याला काही झालेलं पाहिलं नाही. बाहेर बाकावर बसून नखं खायचे आणि पोरगं रडलं की मिशीला पीळ देत आत यायचे. कळा सोसल्या बायांनी, आणि यादी बघावी तर सगळी बाप्यांची! ते वाचायला तुला घसा कोरडा करायची गरज नाही.

पाळकांना सांग, दात दुखतो. नाहीतर सांग, ताईने मनाई केली आहे. मला घाबरत नाही असा पाळक मी अजून पाहिलेला नाही.

माझी भावजय वाचायची ते तिच्याबरोबर गेलं. माणसाच्या काही गोष्टी त्याच्याबरोबर जाऊ द्याव्यात. तू उगाच ओढून धरू नकोस.

डॉक्टरने मला कानाचं यंत्र दिलं आहे. ते घातलं की शेजारीण भांडी आपटते ते स्वच्छ ऐकू येतं, म्हणून मी ते डबीत ठेवते. जेवतोस ना नीट? भुगा नव्हे, जेवण.

ताई


८ फेब्रुवारी

ताईस सप्रेम सलाम,

नाही म्हणायला गेलो होतो. पाळक घरी नव्हते. परत येताना वाटलं, ती काय वाचायची ते एकदा बघावं तरी. इतकी वर्षं मी शेवटच्या बाकावर बसून त्या नऊ अध्यायांत झोप काढली. तिला ते माहीत होतं. घरी येताना म्हणायची, "आज दावीदाच्या भावांपर्यंत पोचलास, मग घोरायला लागलास."

तिची प्रत उघडली. वाटलं होतं, समासात काहीतरी लिहून ठेवलं असेल. काहीही नाही. पेन्सिलची एक रेघही नाही.

मग मोठ्याने वाचून बघितलं. घरात जमेना. आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत येतो. म्हणून प्रत कामाच्या पिशवीत टाकली. जेवणाच्या सुट्टीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवायची, स्टुलावर बसायचं आणि वाचायचं. दार बंद, आपण एकटे. मला एवढी चांगली जागा दुसरी माहीत नाही.

आता झालं ते सांगतो. हसशील. त्या दिवशी सकाळी मी लिफ्टमधल्या बोलायच्या यंत्राची तपासणी केली होती. कोणी आत अडकलं तर बाहेर आवाज जावा म्हणून ते असतं. तपासणीचा स्विच बंद करायचा राहून गेला. इतकी वर्षं मी शिकाऊ पोरांना याच स्विचवरून बोलत आलो आहे. तर मी आत आदामापासून सुरुवात केली, आणि आवाज चालला खाली पहारेकऱ्याच्या टेबलावर आणि वर दंतवैद्याच्या दवाखान्याबाहेर, जिथे पेशंट बसतात.

लोकांना ऐकू काय आलं? लिफ्ट बंद पडलेली, आणि आतून एक माणूस संथपणे एकेकाचं नाव सांगतो आहे. पहारेकऱ्याला वाटलं, आत अडकलेल्यांची हजेरी चालू आहे! तो यंत्रात ओरडला असणार, पण आतला भोंगा मी दुरुस्तीला खोलून ठेवला होता. दवाखान्यातली मुलगी जिन्यावरून ओरडली, "किती माणसं आहेत आत?" तो म्हणाला, "अजून नावं संपली नाहीत!" कोणीतरी म्हणालं, "अहो पण ही सहा माणसांची लिफ्ट आहे ना?"

मी चाळिसाव्या की पन्नासाव्या नावावर होतो तेव्हा त्यांनी पहारीने दार उचकटलं. बघतात तर स्टुलावर मी एकटा. पहारेकरी माझ्या मागे वाकून बघू लागला. म्हणाला, "बाकीचे कुठायत?"

मी म्हटलं, "बाकीचे वारले."

दुसरं काही सुचलं नाही गं. मग मी पुस्तक दाखवलं आणि सगळे हसायला लागले. एका बाईंचा गाल सुजून भोपळा झाला होता. त्या म्हणाल्या, "वाचा हो पुढे. ऐकताना दाढेचा ठणका विसरले होते."

दार दुरुस्त करायला दोन दिवस गेले. पाळकांना अजून काही कळवलेलं नाही.

तुझा धाकटा


१५ फेब्रुवारी

अरे धाकट्या,

"बाकीचे वारले!" मी एवढी हसले की शेजारीण भांडी टाकून बघायला आली. तिला वाचून दाखवलं. आता ती जिन्यात दिसेल त्याला सांगत सुटली आहे.

तुला हसू आलं का रे? लोक हसले म्हणतोस, तू हसलास की नाही ते लिहिलं नाहीस. आलं असणार. बरं झालं, माणसांत आलास. मी मार्चमध्ये येते मग. गादी उन्हात टाकून ठेव.

मात्र वाचायचं वेड डोक्यातून काढ, हे मी अजूनही म्हणते. आणि आता कारणही देते. तुझं पत्र आल्यावर मीही चष्मा लावून बसले. नव्या कराराचं पहिलं पान बघ. तिथेही तेच. प्रभू येशूच्या जन्माची गोष्ट सुरू करायची, तर आधी पानभर आजे-पणजे. त्यात मला चार बाया सापडल्या. एकीने सासऱ्यालाच फसवलं, एक वेश्या, एक परक्या देशातली विधवा, आणि एकीचं तर नावही नाही, नुसती अमक्याची बायको, जिला राजाने आपल्या घरात आणलं. चौघींबद्दल विहिरीवर किती कुजबुज झाली असेल! आपल्या घराण्याची यादी करायची असती तर आपल्या आत्याबाईंनी या चौघींना आधी गाळलं असतं. शास्त्राने गाळलं नाही. तेवढं मला आवडलं, खोटं कशाला बोलू?

पण मला सांग, त्यात आपण कुठे आहोत? ते सगळे परके, हजारो वर्षांपूर्वीचे. ना आपल्या रक्ताचे, ना नात्याचे. दुसऱ्याच्या खानदानाची यादी आपण का वाचावी? मला पटेल असं उत्तर दे, नाहीतर पाळकांना नाही म्हणून कळव.

ताई


१ मार्च

ताईस सप्रेम सलाम,

उत्तर द्यायला उशीर झाला. तुझ्या प्रश्नावर विचार करत होतो. मला लिफ्टच्या भाषेतच सांगता येईल.

काही लिफ्टना दोन दारं असतात. आपण पुढच्या दाराने आत शिरतो. प्रत्येक मजल्यावर तेच दार उघडतं. शेवटच्या मजल्यावर मात्र ते उघडतच नाही, पाठीमागचं उघडतं. नवखा माणूस बंद दाराकडे तोंड करून उभा राहतो. तू म्हणतेस ती यादी तशी आहे. वरपासून खालपर्यंत बापाकडून मुलाकडे, रक्ताने रक्ताकडे. आणि शेवटी योसेफ. तो सुतार त्या बाळाचा रक्ताचा बाप नव्हता. त्याने बाळाला आपलं म्हटलं, एवढंच. म्हणजे एवढी लांब रक्ताची यादी ऐन शेवटी रक्ताने पुरी होत नाही, आपलं म्हणण्याने होते. आपण आत येतो ते त्याच दाराने. आपल्यालाही असंच आपलं म्हटलं आहे. म्हणून ती यादी आपलीही. मला इतपत कळलं. चुकीचं असेल तर पाळकांना विचार, ते तुला घाबरून बरोबर म्हणतील.

दुसरी गोष्ट लिहू की नको, ठरत नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी लिफ्टमध्ये वाचत होतो. स्विच बंद होता, दोनदा बघितला. दुसऱ्या अध्यायात एकाला दोन मुलगे होते असं येतं. धाकट्याचा वंश पुढे चालतो. थोरल्याचं नाव सेलेद. त्याच्याबद्दल एवढंच लिहिलं आहे की तो मूलबाळ न होता मेला. आणखी जरा पुढे दुसरा एक आहे, तोही तसाच.

ताई, त्यांच्याकडून यादी पुढे जात नाही. त्यांना लिहायची काही गरज नव्हती. लिहिणाऱ्याने सोडून दिलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता. तरी त्यांची नावं घातली आहेत.

हे वाक्य तिने दर वर्षी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आम्हाला मूल नाही हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मी मागच्या बाकावर झोपलो होतो. ती हे अध्याय मागून का घ्यायची ते आता कळलं. मला वाटायचं, दुसरं कोणी घेत नाही म्हणून घेते. तिचा स्वभावच तसा होता ना, कढईत करपलेलं आपल्या ताटात वाढून घ्यायची.

मी वाचणार आहे. पाळकांना कळवलं. अठरा तारखेला, दुपारी.

तू येऊ नकोस. तू माझ्याकडे बघितलंस तर मी त्या वाक्यापाशी कोसळेन. मी हसलो का विचारलं होतंस. नव्हतो हसलो.

तुझा धाकटा


६ मार्च

धाकट्या,

मला ते वाक्य माहीत होतं.

तिने पहिल्यांदा वाचलं त्या वर्षी मी तुमच्याकडे होते, आठवतं? घरी आल्यावर तू चहा टाकायला गेलास. मी तिला म्हटलं, अगं, ही टेलिफोनची डायरी कशाला वाचतेस? ती म्हणाली, "ताई, एवढ्या मोठ्या शास्त्रात माझं एकच वाक्य आहे. ते दुसऱ्या कोणी भराभर वाचून टाकलेलं मला चालणार नाही." आणि हसली. तिचं हसणं तुला माहीत आहे. तुला सांगू नको म्हणाली. म्हणाली, त्याला वाटेल मी दुःखात आहे. मी दुःखात नाही, मी नुसती तिथे आहे.

तुला दोन दोन वेळा नाही म्हण म्हणाले, ते कंटाळवाणं आहे म्हणून नाही. ते वाक्य तुझ्या तोंडी येऊ नये म्हणून. मला वाटलं, बाप्या माणूस, मोडेल. आयुष्यभर बाकावर बसून नखं खाणारेच बघितले मी.

वाच. तिथे आलास की सावकाश वाच. ती सावकाश वाचायची.

नको म्हणतोस तर येत नाही.

ताई


२४ मार्च

ताईस सप्रेम सलाम,

पोचलीस का? गाडीत जागा मिळाली का?

तू पहिल्या बाकावर बसली होतीस, तरी तुला एक अक्षर ऐकू आलं नाही हे मला माहीत आहे. यंत्र डबीतच होतं. घरी असताना सांगणार होतो, पण तुझं बोलणं संपेना. म्हणून लिहितो.

मी सुरुवात केली तेव्हा तू नव्हतीस. पाळकांनी आधीच सांगून टाकलं की चहा नंतर मिळेल, त्यामुळे लोक बसून होते. दंतवैद्याकडच्या त्या बाईही आल्या होत्या, आता गाल उतरला आहे. पहारेकरी दाराशी उभा होता. आवाज पहिल्या अध्यायात थरथरला, मग स्थिरावला. सेलेदपाशी आलो. सावकाश वाचलं. मागच्या बाकावर कोणी झोपलं आहे का ते बघितलं. कोणी नव्हतं. मग पुढे गेलो. मोडलो नाही, ताई.

सहाव्या अध्यायात दार करकरलं आणि तू पिशवी घेऊन आत आलीस. "नको म्हणाला होता, म्हणून उशिरा आले," असं तू पाळकांच्या बायकोच्या कानात सांगितलंस ना, ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

सातव्या अध्यायात मी थांबलो, ते का थांबलो ते तुला सांगायचं आहे. तिथे एफ्राइम नावाचा माणूस येतो. त्याची मुलं मारली जातात. नावांचा पाढा चालू असताना मध्येच लिहिलं आहे की तो बाप फार दिवस शोक करत राहिला आणि त्याचे भाऊ त्याच्या समाधानाला आले. एवढंच. लगेच पुन्हा नावं सुरू. सरावात हे वाक्य मी कितीदा ओलांडलं असेल. तेव्हा कोणी आलं नव्हतं, म्हणून दिसलं नसेल. मीच कोणाला येऊ देत नव्हतो.

त्या दिवशी वाक्य संपलं आणि मी मान वर केली. समोर तू. पिशवी मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट भलत्याच पानावर. माझ्याने पुढे वाचवेना.

तुला वाटलं, संपलं. तू उभी राहून खणखणीत "आमेन" म्हणालीस. तुझ्यामागून सगळी मंडळी आमेन म्हणाली, सुटलो या आनंदात. दोघेजण तर चहाकडे निघालेसुद्धा. मला म्हणावं लागलं, "अजून दोन अध्याय आहेत." तेव्हा जो हशा झाला, त्यात मीही होतो. तू विचारलं होतंस म्हणून मुद्दाम लिहितो.

शास्त्रात भाऊ आले असं आहे, बहीण नाही. बहिणीला बहुधा उशीर झाला असेल. पण त्याच एफ्राइमच्या घरात पुढे एक मुलगी निघते, शेरा नावाची. तिने गावंच्या गावं वसवली असं लिहिलं आहे. तुझ्या तक्रारीतलं एक नाव कमी कर.

पाळकांनी पुढच्या वर्षीच्या कागदावर त्या नऊ अध्यायांपुढे माझं नाव घातलं आहे. मी खोडलं नाही.

काल मी रेडिओ लावला. तुझं कानाचं यंत्र इथे बाथरूममध्ये साबणाशेजारी राहिलं आहे. ते पोस्टाने पाठवत नाही, बिस्किटांचं काय झालं ते आठवतं आहे. येऊन घेऊन जा. कधी येऊ म्हणून विचारणारं पत्र लिहू नकोस. गादी उन्हात टाकली आहे.

तुझा धाकटा